मूठभर कोंड्याचा कोंडू

एक होता राजा. त्याच्याकडे हत्ती होते, घोडे होते, सोनंनाणं होतं. राजा म्हटल्यावर ते असायचंच, त्यात काय एवढं! पण ह्या राजाची एक मोठी बाग होती आणि त्या बागेत देशोदेशीचे प्राणी होते. वाघ होता, सांबर होतं, राजाच्या पणज्याला ओळखणारं एक म्हातारं कासव होतं. कुणीही यावं, बघावं, दरवाजा उघडा. राजा चांगला होता. जरा भोळसट होता, पण चांगला होता.

त्या बागेची राखण करायची हौसाबाई. आधी शेळ्या राखायची, मग बाग राखायला लागली. अंगाने आडवी, आवाजाने उभी. ती बोलायला लागली की वाघसुद्धा मागच्या भिंतीला टेकून बसायचा. तिचा नवरा धाकलू बागेतल्या विहिरीचं पाणी शेंदायचा. तो फार बोलत नसे. त्याची पाळीच येत नसे, बरं का.

तर एकदा काय झालं, दूर उत्तरेला बर्फाच्या डोंगरांत दुसरा एक राजा होता, त्याने आपल्या राजाकडे प्राण्यांची एक जोडी धाडली. आता ते प्राणी कसे, तर अंग अस्वलाचं. पण अस्वल काळं असतं, हे काळं-पांढरं. पाय काळे, कान काळे, डोळ्यांभोवती काळं, काजळ घालून रडल्यासारखं. बाकी सगळं पांढरंफेक. त्याला म्हणतात पांडा. आणि खायचा काय? वेळू. सकाळी वेळू, दुपारी वेळू, संध्याकाळी वेळू. तुम्हाला दुधीची भाजी लागोपाठ दोनदा चालत नाही, तो जन्मभर वेळू खातो आणि वर ढेकर देतो.

पण ही जोडी काही फुकट नव्हती. डोंगरच्या राजाने ती अर्धलीने दिली होती. अर्धल ठाऊक आहे ना? माझ्याकडे शेळी आहे, तुझ्याकडे चारा आहे. मी शेळी तुला देते, तू सांभाळ. पहिलं पिल्लू जगलं की ते माझं, दुसरं तुझं. शेळीची रीत आहे ती, त्यांनी पांड्याला लावली. राजाने मान डोलावली. नदीच्या काठी वेळूचं मोठं बन होतं, चारा रग्गड होता. मग काय!

मग पुढल्या साली पांडीण व्याली. पिल्लू बघाल तर केवढं? आई एवढी पोत्यासारखी आणि पिल्लू उंदरासारखं. गुलाबी, आंधळं, केस नाहीत. राजाला एवढा आनंद झाला की त्याने ढोलताशे आणले, आणि थेट पांडिणीच्या दाराशी वाजवले. ती बिचारी घाबरली, पिल्लू तोंडात धरून ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळायला लागली. आणि त्या धावपळीत पिल्लू गेलं.

रडायचं नाही. गोष्ट अजून पुढे आहे.

मग त्याच्या पुढल्या साली दुसरं पिल्लू झालं. ह्या वेळी राजाने ढोल आणले नाहीत, वैद्य आणले. एकाने लेप लावला, दुसऱ्याने धुरी दिली, तिसऱ्याने दोघांना नावं ठेवली. त्या धुराने आणि गलक्याने तेही पिल्लू गेलं.

मग तिसरं झालं. आता मात्र हौसाबाई दारात आडवी उभी राहिली. हातात खराटा.

"महाराज, ढोल नाही, वैद्य नाही, आणि तुम्हीपण नाही," ती म्हणाली.

"अगं पण मी राजा आहे!"

"म्हणून तर. राजाच्या घरचं म्हटलं की सगळ्यांचा डोळा. माणसांचाही आणि मरणाचाही. हे पिल्लू मला विका."

राजा बघतच राहिला. "विकू? केवढ्याला?"

"मूठभर कोंड्याला."

आता ही रीत ऐका. ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरी नवं पोर झालं की ते सुपात घालतात आणि शेजारीण येऊन मूठभर कोंडा देऊन ते विकत घेते. कोंडा म्हणजे काय, दाणा कांडल्यावर उरतो तो भुसा. मग मरण दाराशी येतं. विचारतं, ह्या घरचं पोर कुठाय? घरचे म्हणतात, आमचं नाही, आम्ही विकलं. केवढ्याला विकलं? मूठभर कोंड्याला. मरण नाक मुरडतं. म्हणतं, असला फुटकळ माल मी कशाला नेऊ! आणि जातं परत. मरणालाही तोरा असतो, बरं का.

मग हौसाबाईने धाकलूला सूप आणायला लावलं. सुपात मऊ गवत, गवतावर पिल्लू. पदरातून मूठभर कोंडा काढला आणि राजाच्या ओंजळीत घातला. राजाने आजवर लढाया जिंकल्या होत्या, वसूल गोळा केला होता, पण काही विकल्याचा मोबदला म्हणून त्याला कुणी काही दिलं नव्हतं. त्याने तो कोंडा जपून नेला आणि चांदीच्या डबीत घालून ठेवला. मी म्हटलं ना, भोळसट.

हौसाबाईने पिल्लू पुन्हा आईच्या कुशीत ठेवलं, दार लोटून घेतलं आणि बाहेर खराटा घेऊन बसली. पिल्लाचं नाव ठेवलं कोंडू. पांडिणीने त्याला छातीशी धरलं ते सोडलंच नाही. कोंडू जगला.

जगला म्हणजे काय, असा फोफावला! आधी गुलाबी होता, मग अंगावर लव आली, मग कान काळे झाले, मग पाय. डोळे उघडले तेव्हा त्याने पहिल्यांदा पाहिली आई आणि दुसऱ्यांदा पाहिला हौसाबाईचा खराटा. तो खराटा त्याला फार आवडायचा. हौसाबाई झाडायला लागली की हा मागून यायचा आणि खराट्यावर बसायचा. मग ती खराटा ओढायची, तो खराट्यासकट ओढला जायचा. "ऊठ मेल्या! बसायला तुला सिंहासन आणून देऊ का?" ती ओरडायची. तिच्या आवाजाला वाघ घाबरायचा. कोंडू जांभई द्यायचा.

मग गावाला वेड लागलं. सकाळ झाली की लोक बागेत. कोंडू बागेतल्या टेकाडावर चढायचा आणि गडगडत खाली यायचा, पुन्हा चढायचा, पुन्हा गडगडत यायचा. बाया आपल्या पोरांना दाखवायच्या, "बघ, कसा पाटावर बसल्यासारखा गुमान जेवतोय, नाहीतर तू!" भांडणारे भाऊ तिथे यायचे, कोंडूला बघून हसायचे आणि भांडण कशावरून होतं तेच विसरायचे. म्हातारी माणसं म्हणायची, आमच्या काळात असं काही नव्हतं. म्हातारी माणसं एरवीही हेच म्हणतात, पण ह्या वेळी खरं होतं.

आणि कोंडूचा बाप? तो नुसता खायचा आणि झोपायचा. त्याचं गोष्टीत काही काम नाही.

मग एक दिवस डोंगरच्या राजाचा कारभारी आला. लांब मिशा, अंगात लोकरीची बंडी, आमच्या उन्हात घामाने निथळतोय. म्हणाला, "महाराज, पिल्लू चांगलं मोठं झालं. अर्धलीच्या रितीने पहिलं पिल्लू आमचं. न्यायला आलोय."

राजाने कपाळावर हात मारला. अर्धलीची गोष्ट तो विसरूनच गेला होता! आणि हौसाबाईही विसरली होती. शेळ्यांची सगळी अर्धल जिला तोंडपाठ, ती बाई विसरली. जीव लागला की माणूस विसरतं.

"पण मी ते विकलं," राजा पुटपुटला.

"विकलं? आमचं पिल्लू? कुणाला?"

"मला!" हौसाबाई पुढे आली. "कोंडा दिलाय मी. तुमच्या राजाचं असतं तर मेलं असतं, आमच्या राजाचं असतं तरी मेलं असतं. माझं झालं म्हणून जगलं. चला, निघा."

कारभारी हसला. "कोंडा! जनावराचं नशीब कोंड्यावर ठरवता का तुम्ही लोक?"

"तुम्ही कशावर ठरवता?" हौसाबाईने विचारलं. त्याने मिशांवरचा घाम पुसला. तो गेला.

मग दुसऱ्यांदा आला. ह्या वेळी रेशीम आणलं, कस्तुरी आणली, हिऱ्याची नथ आणली. हौसाबाईने नथ हातात घेऊन बघितली, खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळ बघितली. मग परत दिली. "माझ्या नाकाला जड होईल," ती म्हणाली. कारभारी पुन्हा रिकामा गेला. आणि हौसाबाईला वाटलं, आता झालं, आता कोंडू कायमचा आपला.

आता पुढचं जरा नीट ऐका. कोण झोपलंय? हुंकार द्या बघू.

मग काय झालं, नदीकाठच्या वेळूला फुलोरा आला. वेळूला कधी फूल येत नाही. आलं तर पिढीतून एकदा येतं, आणि एकाला आलं की सगळ्या बनाला येतं. आणि फूल आलं की वेळू मरतो. म्हाताऱ्या बायांनी तो फुलोरा बघितला आणि तोंडाला पदर लावला. बन पिवळं पडलं, मग वाळलं, मग मोडून पडलं. वेळूचं बी जमिनीवर सांडलं, ते खायला उंदीर आले. किती आले? गावात माणसं कमी आणि उंदीर जास्त. बी खाऊन झाल्यावर ते घरात घुसले. कणग्या रिकाम्या, डबे रिकामे. माणसांनी दाणा संपल्यावर कोंडा खाल्ला, आणि कोंडा संपल्यावर रानातला पाला शिजवला.

आणि कोंडूला वेळू नाही.

हौसाबाईने त्याच्यापुढे आधी ज्वारीची धाटं टाकली. त्याने चावली, थुंकली. मग राजाच्या मळ्यातला वाचलेला ऊस दिला. तो खाल्ला, पण पोटात ठरला नाही. मग स्वतःच्या वाटणीचं दूध दिलं. ते त्याने प्यायलं आणि वाडगा उलटा करून बघितला, आणखी आहे का. आणखी नव्हतं. कोंडू टेकाडावर चढेनासा झाला. खराट्यावर येऊन बसेनासा झाला. सावलीत पडून राहायचा, आणि हौसाबाई आली की डोळे उघडून तिच्या हाताकडे बघायचा. हात रिकामा.

हौसाबाई त्याच्यावर ओरडली. "ऊठ! ऊठ म्हणते ना!" तो उठला नाही. आणि मग ती बाई, जिला वाघ भ्यायचा, ती विहिरीच्या काठावर जाऊन बसली आणि गप्प झाली.

धाकलू पोहरा ठेवून तिच्याशेजारी बसला. आणि त्या दिवशी, त्याची पाळी आली म्हणून, तो बोलला.

"हौसे, कोंडा कशाला दिला होतास?"

"तो जगावा म्हणून."

"की तो तुझा व्हावा म्हणून?"

हौसाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर विहिरीत पडला असता. मग ती उठली, पदर खोचला आणि तडक राजवाड्यात गेली.

"महाराज, घोडेस्वार धाडा. डोंगरच्या कारभाऱ्याला बोलवा."

मग कारभारी तिसऱ्यांदा आला. ह्या वेळी रेशीम नाही, नथ नाही. खेचरांच्या पाठीवर हिरव्यागार वेळूच्या मोळ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. निरोप ऐकल्यावर त्याने वाटेत कुठे मुक्कामच केला नव्हता. हौसाबाई म्हणाली, "हसायचं असेल तर आधी हसून घ्या." तो हसला नाही. त्याने एक कोवळा कोंब सोलला आणि कोंडूच्या नाकाशी धरला. कोंडूचं नाक हललं. मग कान हलला. मग त्याने कोंब पंजात धरला आणि कर्रकन चावला. तो आवाज ऐकून बागेबाहेर जमलेली माणसं रडायला लागली. उपाशी माणसं, बरं का, आणि दुसऱ्याला खाताना बघून आनंदाने रडत होती.

"ह्या मोळ्या वाटेपुरत्या आहेत," कारभारी म्हणाला. "पण आमच्या डोंगराला वेळूची कमी नाही. नेऊ का, बाई?"

"न्या. आईबापासकट तिघांनाही न्या. पण कोंडूला असा नाही न्यायचा. तो माझा आहे. मी कोंडा देऊन घेतलाय, तुम्ही कोंडा देऊन घ्यायचा."

कारभाऱ्याने कंबरेची थैली सोडली. "बाई, ह्यात मोहरा आहेत. ठेवा सगळ्या."

"मोहरा नकोत!" हौसाबाईचा आवाज परत आला, आणि तिकडे वाघ भिंतीला टेकला. "मोहरा दिल्या की मोल ठरलं. मोल ठरलं की मरणाला कळलं, माल भारी आहे म्हणून. वाटेत डोंगर, दऱ्या, बर्फ. मला तो पोचायला हवा. कोंडाच पाहिजे."

आता कोंडा आणायचा कुठून? सगळ्या राज्यात मूठभर कोंडा नव्हता. लोकांनी चाळणी झटकून खाल्ला होता. ह्या घरी विचारलं, त्या घरी विचारलं, देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं. कुठे नाही. मोहरा होत्या, कोंडा नव्हता. असे दिवस येतात, पोरांनो, म्हणून ताटात टाकायचं नाही.

सगळे खाली मान घालून उभे. आणि राजा एकदम उठला आणि आत पळाला. राजाने पळू नये म्हणतात, पण तो पळाला, मुकुट पडला तरी थांबला नाही. येताना त्याच्या हातात ती चांदीची डबी होती. एवढे उंदीर झाले, पण चांदी काही त्यांना कुरतडता आली नाही. आत कोंडा तसाच्या तसा.

"माझी कमाई आहे," राजा धापा टाकत म्हणाला. "पण घ्या."

राजाने तो कोंडा कारभाऱ्याच्या ओंजळीत घातला. त्या लांब मिशांच्या माणसाने तो हौसाबाईच्या पदरात घातला, एक कण खाली न सांडता. आणि कोंडू डोंगराचा झाला.

निघायच्या आधी हौसाबाईने चूल पेटवली. म्हणतात ना, कोंड्याचा मांडा करावा? तिने खरोखर केला. त्या जुन्या कोंड्यात पाणी घातलं, मळलं, तळहाताएवढी भाकरी थापली आणि भाजली. अर्धी कोंडूला भरवली, अर्धी आपण खाल्ली. कोंडूने ती खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि हौसाबाईच्या पायावर जाऊन बसला, खराट्यावर बसायचा तसा. ती हलली नाही. खेचरं तयार झाली तरी हलली नाही. मग स्वतःच म्हणाली, "ऊठ मेल्या, उशीर होतोय." आणि ह्या वेळी तो उठला.

तो गेला. गाव वेशीपर्यंत गेलं. हौसाबाई बागेतच राहिली. रिकामं टेकाड तिने झाडून काढलं. कशाला झाडलं? ते तिला विचारा.

मग पाऊस आला. वेळूचं सांडलेलं बी रुजलं. गवतासारखे कोंब आले, मग हाताएवढे, मग माणसाएवढे, मग नदीकाठी पुन्हा बन उभं राहिलं. उंदीर गेले, कणग्या भरल्या. हौसाबाईचे केस पिकले. आवाज तेवढा पिकला नाही.

आणि एके सकाळी बागेच्या दाराशी घंटा वाजली. हौसाबाईने दार उघडलं. बाहेर कारभारी. मिशा पांढऱ्या झालेल्या, डोक्यावर सूप. त्याने सूप खाली घेतलं. सुपात मऊ गवत, गवतावर एक पिल्लू, काळ्या कानाचं, पांढऱ्या पोटाचं. खेचरावरच्या मोठ्या झाकल्या टोपलीतून त्याची आई डोकं बाहेर काढून बघत होती.

"कोंडूचं आहे," तो म्हणाला. "कोंडू आमच्याकडे सगळ्यात उंच झाडावर बसतो आणि कुणाचं ऐकत नाही. पहिलं पिल्लू आमचं झालं, हे दुसरं. अर्धलीच्या रितीने तुमचं."

हौसाबाईने दोन्ही हात पुढे केले. कारभाऱ्याने सूप मागे घेतलं.

"असं कसं, बाई?" तो म्हणाला, आणि आपली ओंजळ पुढे केली. "आधी मूठभर कोंडा."

मग काय! हौसाबाई हसली, धाकलू हसला, राजा तर मुकुट हातात धरूनच धावत आला. मूठभर कोंडा मोजला, पिल्लू आईसकट आत घेतलं, दार लोटलं आणि दाराबाहेर खराटा उभा केला. ते पिल्लू वाढलं, गाव वाढलं, आणि सगळ्यांनी पोटभर खाल्लं. डोंगरावर कोंडूनेही खाल्लं.

चला, पाय आत घ्या. पांघरूण ओढू नका एकमेकांचं. दाराशी कोण आलं विचारायला, तर मी आहे इथे. सांगेन, ही पोरं मूठभर कोंड्याची आहेत, जा परत. मिटा डोळे.